नवे कार्ड, जुने देणे

(म्हैसूरच्या कुवेंपुनगरात, वसंत व्याख्यानमालेत मराठी श्रोत्यांसमोर झालेले व्याख्यान)



क्रेडिट कार्डावर थकलेले देणे कमी व्याजाच्या दुसऱ्या कार्डावर नेणे, म्हणजे बॅलन्स ट्रान्सफर, हा आजचा विषय. सोय नवी आहे, पण तिच्या मुळाशी असलेला प्रश्न दख्खनने फार पूर्वी भोगला आहे. म्हणून आधी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला जाऊ.

१२ मे १८७५ रोजी सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरादुकानांवर चाल केली. त्यांचा रोख होता वह्यांवर आणि कर्जरोख्यांवर. ते कागद त्यांनी जाळले. १८५९च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याला तीन वर्षांची मुदत घातली होती. हेतू कुळाच्या भल्याचा होता. घडले उलटेच. तीन वर्षे भरत आली की सावकार थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेई. कर्ज एका कागदावरून दुसऱ्यावर जाई आणि जाताना फुगत जाई. पुढे १८७९मध्ये डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला आणि रोख्यावरच्या आकड्यावर न थांबता व्यवहाराचा मागचा सारा हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला.

या इतिहासातून मी एकच कसोटी घेतो. कर्ज हलवल्यावर त्याचे व्याज खरोखर उतरते का, आणि मुद्दल ठरलेल्या दिवशी संपते का? दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तरच हलवावे.

आता कार्डाकडे येऊ. संपूर्ण बिल मुदतीत भरणाऱ्याला व्याज लागत नाही. थोडी जरी बाकी ठेवली तरी बिनव्याजी मुदत जाते आणि नव्या खरेदीवरही खरेदीच्या दिवसापासून व्याज सुरू होते. महिन्याला साडेतीन टक्के हा आकडा छोटा वाटतो. वर्षाचे ते ४२ टक्के होतात आणि व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा. ‘मिनिमम ड्यू’ भरला की कार्ड चालू राहते, पण देणे जेमतेम हलते. नुसती किमान रक्कम भरत राहिल्यास फेड कित्येक महिने, वर्षे लांबते, हा इशारा बिलावर छापण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने २०२२च्या निर्देशांत घातले आहे. तो इशारा बारीक अक्षरात असला तरी वाचावा.

हिशेब मांडून पाहू. ८०,००० रुपये थकले आहेत. दर महिना साडेतीन टक्के. जीएसटीसह पहिल्याच महिन्यात ३,३०४ रुपये खर्ची पडतात. नवी खरेदी बंद करून हे देणे बारा महिन्यांत फेडायचे ठरवले, तर महिना सुमारे ८,६०० रुपये भरावे लागतील आणि व्याज-करापोटी सुमारे २३,००० रुपये जातील. आता समजा, दुसऱ्या बँकेने हीच रक्कम महिना दीड टक्क्याने बारा हप्त्यांवर घेतली आणि दोन टक्के प्रोसेसिंग फी लावली. व्याज सुमारे ८,०००, त्यावरचा जीएसटी सुमारे १,४५०, फी करासह १,८८८. एकूण खर्च सुमारे ११,३५०. म्हणजे निम्म्याहून कमी. ही बचत खरी आहे आणि ती मिळवण्यात काहीच कमीपणा नाही.

पण ती टिकते काही अटींवर. पहिली अट, नव्या कार्डावर खरेदी करू नये. हलवलेली बाकी उभी असताना तिथेही बिनव्याजी मुदत बहुधा मिळत नाही. दुसरी, जुन्या कार्डाची मोकळी झालेली मर्यादा म्हणजे हातात आलेला पैसा नव्हे. ती पुन्हा वापरली तर एका देण्याची दोन देणी होतात आणि सुप्याचा रोखा आपण आपल्याच हाताने लिहितो. तिसरी, सवलतीचा दर साठ दिवसांचा असेल तर एकसष्टाव्या दिवसापासून कोणता दर लागणार ते आधीच लेखी घ्यावे. चौथी, रक्कम जुन्या खात्यात जमा झालेली दिसेपर्यंत तिथले बिल भरत राहावे. मधल्या काळात हप्ता चुकला तर दंड लागतो आणि सिबिलच्या नोंदीला डाग लागतो. आणि ‘शून्य टक्के’ ऐकले की फी विचारावी. दोन महिन्यांसाठी दोन टक्के फी म्हणजे महिना एक टक्का, कर वेगळा.

कायदा आपल्याला किती राखेल? आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम होता: एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नसे. बँकेच्या कर्जाबाबत मात्र तसा आधार नाही: बँकेने लावलेला दर जास्त आहे, एवढ्या कारणावरून न्यायालयाला तो व्यवहार पुन्हा उघडता येत नाही, हे बँकिंग नियमन कायद्याच्या २१-अ कलमाने ठरवले आहे. २००८मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कार्डावर वार्षिक ३० टक्क्यांपुढचे व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा मानली होती. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. मला तीस टक्क्यांची ती मर्यादा हवी होती, हे मी उघडपणे सांगतो. ती नाही, म्हणून सावध राहण्याचा भार ग्राहकावर आला आहे. तरी काही हक्क हाती आहेत. न भरलेले शुल्क आणि कर मुद्दलात मिळवून त्यावर व्याज आकारता येत नाही. देणे नसलेले कार्ड बंद करण्याची विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पुरी करावी लागते. नाहीतर बँकेला दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. बाकी हलवून झाली की हा हक्क वापरा.

शेवटी घरातली गोष्ट. पुण्यात शिकलेल्या, नाशिक-धुळ्याकडे इंजिनिअर म्हणून काम केलेल्या विश्वेश्वरय्यांच्या पुढाकाराने १९१३मध्ये बँक ऑफ म्हैसूर निघाली. बँकेत पैसा ठेवण्याची या भागाची सवय जुनी आहे. पण ज्या घरात आईवडिलांची सात टक्क्यांची मुदत ठेव आहे, त्याच घरातला मुलगा बेचाळीस टक्क्यांचे देणे लाजेने लपवत असेल, तर नुकसान सगळ्या घराचे होते. ठेवीवर कर्ज घेतले तर दर सहसा ठेवीच्या दराहून एकदोन टक्केच जास्त असतो. सोन्यावरचे बँक कर्जही कार्डाहून पुष्कळ स्वस्त पडते. म्हणजे अनेकांसाठी बॅलन्स ट्रान्सफरपेक्षा चांगली वाट घरातच असते. अडते ते बोलण्यापाशी.

म्हणून तरुणांना माझे सांगणे आहे, आकडा घरी सांगा. आणि वडीलधाऱ्यांना विनंती, तो ऐकताना आधी रागावू नका. कागद-पेन घ्या, दर विचारा आणि फेडीची शेवटची तारीख सगळ्यांनी बसून ठरवा.