समुद्राची हजेरी



‘तू समुद्रात नक्की काय करतोस?’ असं सकाळपासून अनेकांनी विचारलं. एका वाक्यात सांगायचं तर, मी मासे मोजतो.

वाळूच्या तळावर सिमेंटचे पोकळ ठोकळे किंवा साफ केलेलं जुनं जहाज सोडलं, की कृत्रिम खडक तयार होतो. त्यावर शेवाळ धरतं, कालवं चिकटतात, आडोशाला मासे येतात. पहिल्या वर्षी फोटो छान येतात. पण हे मासे इथे वाढले, की शेजारच्या खडकावरून नुसते गोळा झाले? नुसते गोळा झाले असतील, तर ते जाळ्यात सहज सापडतात आणि एकूण मासळी उलट घटते.

याचं उत्तर एका बुडीत मिळत नाही. खडक टाकण्याआधीची नोंद लागते, जवळच्या नैसर्गिक खडकाचीही लागते. मग दरवर्षी त्याच ऋतूत, त्याच ठिकाणी टेप अंथरून मासे जातीनुसार आणि लांबीनुसार मोजायचे. आपल्या वर्गात रोज हजेरी व्हायची, तसंच. एका दिवसाच्या हजेरीवरून वर्ष कसं गेलं ते कळत नाही.

नुसतं टाकून दिलं तर काय होतं, ते अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर दिसलं. तिथे 1970 च्या दशकात ऑस्बोर्न रीफ म्हणून सुमारे 20 लाख जुने टायर मोळ्या बांधून समुद्रात सोडले. बांधणी गंजली, तुटली. टायर वादळांत सरपटत नैसर्गिक प्रवाळांवर आदळले, आणि टायरांवर जीव फारसे रुजलेच नाहीत. 2007 मध्ये लष्कराचे पाणबुडे ते काढायला उतरले, तोवर तीन दशकं उलटली होती.

आता आपल्या सिंधुदुर्गात निवतीच्या समुद्रात ‘गुलदार’ या निवृत्त युद्धनौकेचा असाच खडक आणि पाण्याखालचं संग्रहालय करण्याची योजना आहे. पर्यटक येतील, आनंदच आहे. पण त्याच पाण्यावर आपल्यातल्या कित्येकांच्या घरची चूल पेटते. म्हणून उद्घाटनाचा खर्च मंजूर होताना पुढच्या दहा वर्षांच्या मोजणीचाही मंजूर झाला का, हे आपण विचारायला हवं. रापण ओढणाऱ्यांना त्या नोंदींत घ्यायला हवं. त्यांच्याइतका हा समुद्र कुणी पाहिलेला नाही.

गुरुजनांनी नोंदवही नीटनेटकी ठेवायला शिकवलं. त्याच सवयीवर माझं पोट चालतं.