मुलांच्या पायांतले चाळ

रायपूर सोडून बिलासपूरच्या रस्त्याने उत्तरेकडे निघाले की थोड्याच अंतरावर सिलतरा लागते. एके काळचे हे शेतकऱ्यांचे खेडे आज लोखंडाच्या कारखान्यांचे गाव झाले आहे. स्पंज आयर्नच्या भट्ट्या रात्रंदिवस चालतात, झाडांच्या पानांवर काजळी बसते आणि मालमोटारींची रांग सहसा तुटत नाही. पोटापाण्यासाठी येथे ओरिसा, बिहार, आंध्र अशा अनेक प्रांतांतून माणसे आली आहेत. रायपूरच्या या टापूला मराठी माणूस मात्र नवा नाही. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर बसला, तेव्हापासून मराठी बोलणारी घराणी येथे नांदत आली आहेत.

अशा गावी एखाद्या मराठी कुटुंबातली मुलगी सात-आठ वर्षांची झाली आणि गाणे लागले की आरशासमोर उभी राहू लागली, म्हणजे घरात एक प्रश्न निघतो : हिला नाच शिकवावयाचा तर कोणता? आईला भरतनाट्यम् आवडते. वडिलांना वाटते, कथक बरे, कारण त्याची भाषा हिंदी आणि शिक्षकही जवळपास मिळतील. मुलीला स्वतःला दूरचित्रवाणीवर दिसते ते हवे असते. आजी मात्र बराच वेळ गप्प बसते. 'पायांत चाळ बांधणे' या शब्दांना तिच्या लहानपणी जो वास होता, तो तिच्या मनातून अजून पुरता गेलेला नसतो. कुलीन घरच्या मुलीने चाळ बांधावयाचे नसतात, ही समजूत महाराष्ट्रात किती खोल होती, हे आज सांगितले तर नातवंडांना खरे वाटत नाही. ती मोडण्याचे काम काही थोड्या स्त्रियांनी केले. पुण्यात 1947 साली रोहिणी भाटे यांनी 'नृत्यभारती' ही संस्था काढली आणि मध्यमवर्गीय घरांतल्या मुली उघडपणे कथक शिकू लागल्या. आज गल्लोगल्ली नृत्यवर्गांच्या पाट्या दिसतात; त्यांच्यामागे हे धाडस आहे.

पण सिलतऱ्यातल्या घराने कथकाचे मूळ शोधण्यासाठी पुण्याकडे, किंवा लखनौ-जयपूरकडेही, पाहण्याची गरज नाही. पूर्वेला सुमारे अडीचशे किलोमीटरांवर रायगढ आहे. (हे रायगढ म्हणजे शिवछत्रपतींचा रायगड नव्हे, हे मराठी श्रोत्यांना सांगितलेले बरे.) या लहानशा संस्थानाच्या गादीवर 1924 साली चक्रधरसिंह हा एकोणीस वर्षांचा तरुण बसला. तो स्वतः उत्तम तबला आणि पखवाज वाजवीत असे. जयपूरचे जयलाल, लखनौचे अच्छन महाराज आणि त्यांचे बंधू लच्छू व शंभू महाराज अशा थोर गुरूंना त्याने आपल्या दरबारी आणून ठेवले. येथवरची हकीकत कोणत्याही हौशी संस्थानिकाची असू शकेल. नवल आहे ते शिष्यांच्या निवडीचे. राजाने शिष्य गोळा केले ते खेड्यापाड्यांतून. छत्तीसगडात 'नाचा' किंवा 'गम्मत' नावाचा लोकनाट्याचा प्रकार आहे. रात्रभर चालणाऱ्या त्या खेळात स्त्रीवेष घेतलेले मुलगे नाचतात. त्यांना 'परी' म्हणतात. आपल्याकडच्या तमाशातील नाच्या पोराचा हा भाऊच म्हणावयाचा. अशा मंडळ्यांत नाचणाऱ्या पोरांना राजाने हेरले, वाड्यावर आणले, त्यांच्या खाण्यापिण्याची सोय केली आणि देशातल्या श्रेष्ठ गुरूंच्या हाती त्यांना सोपविले. कार्तिकराम, कल्याणदास, फिरतू महाराज, बर्मनलाल ही नावे त्यांतून पुढे आली, आणि लखनौ, जयपूर, बनारस यांच्या जोडीला कथकाचे रायगढ घराणे गणले जाऊ लागले.

दलबादल, कडकबिजली, गजविलास ही या घराण्यातल्या परणांची नावे ऐकली, तरी त्यांच्या घडणीत काय होते याची कल्पना येते. ढगांचे दळ, विजेचा कडकडाट, हत्तीची चाल ही बोलांतून उभी करावयाची आणि पायांतून ऐकवावयाची. चक्रधरसिंह 1947 सालीच, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी वारले. संस्थाने विलीन झाली, दरबार उठला. पण शिष्य राहिले आणि त्यांनी शिकविले.

भरतनाट्यम् हा नाच दूरच्या दक्षिणेचा, आपला नव्हे, असेही मराठी घरांत पुष्कळांना वाटते. तोही गैरसमजच. आज भरतनाट्यमच्या वर्गात लहान मूल पहिल्या दिवशी 'तै या तै' म्हणत जे पदन्यास गिरवते, ते अडवू क्रमवार लावण्याचे आणि अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंत कार्यक्रमाची मांडणी ठरविण्याचे श्रेय चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चौघा भावांना देतात. हे बंधू तंजावरचे, दुसऱ्या सरफोजीराजांच्या दरबारचे. आणि 1798 ते 1832 या काळात राज्य करणारे हे सरफोजी भोसले कुळातले मराठी राजे होते. त्यांनी नृत्यासाठी मराठीतून निरूपणे रचली. विसाव्या शतकात मुंबईच्या पार्वतीकुमारांनी त्यांचा अभ्यास करून ती पुन्हा रंगमंचावर आणली. तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या जुन्या मुलखातल्या एखाद्या मुलीने तंजावरकर भोसल्यांच्या दरबारात घडलेला नाच शिकावा, यात परकेपणा कसला?

म्हणून कथक की भरतनाट्यम् हा वाद घरात जितका रंगतो तितका महत्त्वाचा नाही. कोण शिकवितो आणि कसे शिकवितो, हे पाहावयास हवे. चांगल्या कथकगुरूकडे मूल महिनोन्‌महिने ततकार करीत राहते : ता थेई थेई तत्. हाताने ताल धरून बोल आधी तोंडाने म्हणावयाचा, मग पायाने. पालकांना हे कंटाळवाणे वाटते. तीन महिने झाले तरी एकही 'नाच' बसला नाही, अशी त्यांची तक्रार असते. संमेलन तोंडावर आले की बसविलेल्या गाण्यासाठी घाई सुरू होते, भाड्याचे पोशाख येतात, छायाचित्रे निघतात आणि पुढच्या आठवड्यात मुलांना त्यातले काही आठवत नाही. परीक्षांचीही तीच गत. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद, अलंकारपर्यंतच्या परीक्षांनी कलेचे शिक्षण गावोगावी नेले, हा त्यांचा मोठा उपकार आहे. पण प्रमाणपत्र भिंतीवर आणि चाळ कपाटात, अशी अवस्था अनेक घरांत दिसते.

'नाचता येईना, अंगण वाकडे' ही म्हण आपण हसून वापरतो. मुलांच्या बाबतीत अंगण खरोखरच पाहावे. मातीची सारवलेली किंवा लाकडी जमीन पायाचा आघात थोडा तरी पोटात घेते. सिमेंटची फरशी घेत नाही. वसाहतींतले वर्ग बहुधा फरशीवरच भरतात. शिवाय भरतनाट्यमची अरमंडी मांडीच्या सांध्यातून उघडावयाची असते. ती घाईने गुडघ्यातून उघडली तर कोवळा गुडघा दुखावतो. एवढ्याशा पायांवर शंभर घुंगरांचे ओझे पहिल्या वर्षी चढविण्याचीही काही गरज नसते.

उच्च शिक्षणाची सोयही या प्रदेशात फार दूर नाही. खैरागढच्या राजा बीरेंद्र बहादूर सिंह आणि राणी पद्मावतीदेवी यांनी आपल्या दिवंगत कन्येच्या, इंदिरेच्या, नावाने राजवाडा दिला आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी तेथे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय सुरू झाले. त्याच्या आरंभीच्या कुलगुरूंत मुंबईचे पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर होते.

एक गोष्ट मात्र या साऱ्या विचारात सहसा येत नाही. बाबा गुरू घासीदासांची जयंती 18 डिसेंबरला येते. त्या सुमारास छत्तीसगडातल्या सतनामी वस्त्यांत पांढऱ्या जैतखांबाभोवती पंथी नाचतात. मांदर आणि झांज यांची लय चढत जाते, नाचणारे एकमेकांच्या खांद्यांवर चढून मनोरे रचतात, आणि गाणे असते गुरूच्या शिकवणीचे. देवदास बंजारे यांनी हा नाच देशाबाहेरही नेला. 2005 साली ते वारले. दिवाळीच्या दिवसांत टोपलीत मातीचा राघू ठेवून, त्याच्याभोवती टाळ्यांच्या ठेक्यावर बायका-मुली सुआ नाचतात. देवउठनी एकादशीपासून राऊत आपल्या काठ्या घेऊन निघतात. नृत्यवर्गात जाणाऱ्या मुलीला हे नाच 'लोकनृत्य' या सदराखाली संमेलनापुरते, ध्वनिमुद्रित गाण्यावर बसवून दिले जातात. ते जेथे नाचले जातात तेथे तिला कोणी नेत नाही.

संध्याकाळी अशा वर्गाच्या सभागृहात पाहिले तर आत बहुतेक मुलीच दिसतात. खिडकीच्या गजांना धरून बाहेर मुलगे उभे असतात. ततकार ऐकता ऐकता त्यांतल्या एखाद्याची टाच नकळत हलू लागते. डिसेंबरात पंथीच्या मनोऱ्यावर चढणारा कदाचित तोच असेल. चक्रधरसिंहांची माणसे खेड्यांतून अशाच मुलांना शोधीत फिरत असत.