खुर्ची, पट्टा आणि आसन

विशीत सहज जमणारं, बसून पुढे वाकायचं पश्चिमोत्तानासन साठीत कंबर धरायला लावतं, आणि मग बरेच जण आसनंच सोडून देतात. खरं तर ती सोडायची नसतात, बदलून घ्यायची असतात.

पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांनी हेच शिकवलं. लहानपणी क्षयासारख्या आजारांनी खंगलेले असल्यानं अशक्त शरीराची अडचण त्यांना कुणी समजावून सांगावी लागली नाही. त्यांच्या वर्गात लाकडी ठोकळे, पट्टे, लोड, दोर आले. अगदी घडीची खुर्चीसुद्धा! १९७५ साली सुरू झालेल्या त्यांच्या पुण्यातल्या संस्थेत ही साधनं आजही वापरतात.

गुडघे दुखत असतील तर पद्मासनाचा हट्ट कशाला? प्राणायाम खुर्चीवर ताठ बसूनही होतो. पुढे वाकताना हात पोचत नसतील, तर तळपायांना पट्टा अडकवा, पण पाठीला पोक काढू नका. हाडं ठिसूळ झालेल्यांनी तर इथे फारच जपावं, कारण अशा वाकण्यानं मणक्यांवर दाब येतो. रक्तदाब वाढलेला असेल किंवा काचबिंदू असेल, तर शीर्षासन नकोच. शेजारचे करतात म्हणून तर मुळीच नको. तुमच्यासाठी काय योग्य, हे आधी डॉक्टरांना आणि जाणत्या शिक्षकांना विचारा.