पहिल्या पुराचा मासा

श्रोतेहो, मला दिलेला विषय आहे ‘परभणी जिल्ह्यातली शिकार आणि मासेमारी’, आणि मिनिटं दिली आहेत दहा. त्यातली शिकार एका मिनिटात उरकतो. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि हळूहळू शिकार संपली. काळवीट राहू द्या, ससा आणि तितरसुद्धा त्या कायद्यात आले. आमच्या लहानपणी निजामाच्या काळातल्या शिकारीच्या गोष्टी सांगणारी म्हातारी माणसं होती. दर वेळी सांगताना त्या गोष्टीतलं हरीण वीतभर वाढायचं. रोही आणि रानडुकरं उभं पीक आडवं करतात, हे दुखणं खरं आहे. पण त्यासाठी वन खात्याकडे अर्ज करायचा असतो, कुंपणाच्या तारेत करंट सोडायचा नसतो. झाली शिकार. उरलेली मिनिटं मला माशांसाठी हवीत. खरं सांगायचं तर एकाच माशासाठी. पोटात अंडी घेऊन पहिल्या पुराला ओढ्यात वर चढणाऱ्या मादीसाठी.

उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या जिल्ह्यात ‘पाणी भरपूर आहे’ म्हटलं तर तुम्ही रेडिओ बंद कराल. पण माशाच्या नजरेनं बघा. पूर्णेवर येलदरी धरण आहे, सेलूकडे निम्न दुधना, जिंतूरला करपरा, गंगाखेडला मासोळी. गोदावरीवर ढालेगाव, मुदगल, डिग्रस असे बंधारे आहेत. गळ टाकून बसायला जागा कमी नाहीत. धरणात मासे धरायचा हक्क ठेक्यानं मच्छीमार संस्थेकडे असतो, तेव्हा गळ टाकण्याआधी तिथल्या माणसाला विचारा. विचारलं की तो बहुधा चहाही पाजतो.

आता मुद्द्यावर येतो. रोहू, कटला, मृगळ हे मासे मूळचे उत्तरेच्या गंगेकडचे. आपण गोदावरीलाच गंगा म्हणतो, म्हणून ते इथं परके वाटत नाहीत, एवढंच. धरणाच्या उभ्या पाण्यात हे मासे अंडी घालत नाहीत. त्यांना वाहतं, गढूळ, नवं पाणी लागतं. मृग बरसला, ओढ्याला पहिलं लाल पाणी आलं की त्याचा वास लागल्यासारखे ते फुगवट्यातून वर निघतात. चढणीचा मासा म्हणतात तो हा.

आणि त्याच दिवशी आपण सगळे पुलावर हजर असतो.

गेल्या पावसाळ्यात जिंतूरकडच्या एका फरशी पुलावर मी उभा होतो. पलीकडच्या तोंडाला पोरांनी मच्छरदाणी बांधली होती. एक जण काठी घेऊन पाण्यात उभा होता. तीनेक किलोची रोहू सापडली. लगेच दगडावर घेऊन तिचं पोट फाडलं. आत दोन्ही अंगाला दोन थैल्या, बोटभर जाड, आणि त्यात खसखशीहून जराशी मोठी पिवळसर अंडी. किलोमागे लाखाच्या वर अंडी असतात, म्हणजे त्या दगडावर तीनेक लाख तरी पडली होती. त्यांनी थैल्या कुत्र्यापुढं टाकल्या. कुत्र्यानं हुंगल्या आणि ते निघून गेलं.

मी त्या पोरांना काय म्हणालो ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही.

बियाण्याची ज्वारी दळून खाण्याची उपमा मी देणार होतो. आमच्या घरी भाषण वाचून दाखवलं तर मंडळी म्हणाल्या, ते सगळेच सांगतात, तुम्ही विरजणाचं सांगा. तर सांगतो. घरोघरी रात्री वाटीच्या तळाशी चमचाभर दही राखून ठेवतात. पाहुणे आले, पोरं रडली, तरी त्या वाटीला कुणी हात लावत नाही, कारण उद्याचं अख्खं भांडं त्या चमच्यात असतं. पहिल्या पुराची मादी म्हणजे ती वाटी. तुम्ही म्हणाल, विरजण शेजारणीकडूनही आणता येतं. येतं ना! धरणात दरसाल मत्स्यबीज सोडतात, ते शेजारणीकडचंच विरजण. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगुलला हिरालाल चौधरी यांनी इंजेक्शन देऊन माशांकडून अंडी घालून घेतली. तेव्हापासून हे बीज केंद्रात तयार होऊ लागलं. आधी जिऱ्याएवढं, म्हणून त्याला मत्स्यजिरे म्हणतात. मग बोटभर झालं की बोटुकली. सोय मोठी झाली, नाही कोण म्हणतो? पण रोज वाटी घेऊन दारात उभी राहणाऱ्या बाईला शेजारीण किती दिवस हसून दही देईल?

बरं, रोहू-कटल्याला निदान शेजारीण आहे. मरळीला कोण आहे? वाम, शिंगाडा यांना कोण आहे? त्यांची बोटुकली धरणात कुणी दरसाल आणून सोडत नाही. इथली वाटी रिकामी झाली की झाली.

मरळीची गोष्ट सांगायलाच हवी. तळ्याच्या काठाला, शेवाळाशेजारी, पावसाळ्यात लालसर पिल्लांचा थवा वर-खाली होताना दिसतो. त्याच्या खाली मरळ राखण करत असते. हे आपल्या लोकांना पक्कं माहीत आहे, आणि म्हणूनच गळ नेमका त्या थव्यात टाकतात. भुकेनं नव्हे, पिल्लांवर कोण आलं म्हणून ती गळावर धावून जाते. ती गेली की उघडी पिल्लं दुसरे मासे दुपारपर्यंत संपवतात. याला मासेमारी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पुन्हा सांगतो, कारण मघाशी काहींचं लक्ष चुलीवरच्या दुधाकडे असेल. वर्षभर मासे धरा. हिवाळ्यात धरा, उन्हाळ्यात धरा, तळून खा, कालवण करा. पहिल्या पुराची मादी तेवढी सोडा. मच्छरदाणी लावू नका, तिच्यातून बोटुकलीही सुटत नाही. सुरुंग आणि विष याबद्दल मी बोलतच नाही, त्याला इंग्रजाच्या मुलखात 1897 सालीच कायद्यानं बंदी आली. इंग्रजाला कळलं होतं ते आपल्याला...

समोर काचेतून हात हलतो आहे. ठेक्याचं राहिलंच. बीज सोडायचा खर्च संस्था करते, आणि तोच मासा ओढ्यात चढला की तो कुणाचा, यावर गावोगाव तंटे आहेत. त्यावर माझं म्हणणं असं होतं की ओढ्याकाठच्या गावांनाही... असो. पुन्हा बोलावलं तर तिथून पुढे सांगेन.

मृग आता तोंडावर आहे. पहिला पूर आला की पुलावर जरूर जा, पोरांनाही न्या. हातभर मासा लाल पाण्यातून फरशीवर उडी घेतो ते बघायला मिळेल. पिशवी मात्र घरी ठेवा.