स्थलांतरित खेळाडूला न्याय हवा
(कोल्हापूर येथील भाषणाचा मजकूर)



१९५२ साली खाशाबा जाधवांजवळ हेलसिंकीला जाण्यापुरते पैसे नव्हते. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन परतले. एका शिक्षकाने जे औदार्याने केले, ते आज नियमांनी न्याय म्हणून करावयास हवे.

विद्यापीठ बदलणाऱ्या खेळाडूला ठरावीक काळ स्पर्धेबाहेर ठेवणाऱ्या नियमामागील हेतू रास्त आहे. धनाढ्य संस्थांनी आमिषे दाखवून तयार खेळाडू पळवू नयेत, हा तो हेतू. परंतु पुण्यात शिकणाऱ्या राधानगरीच्या एखाद्या कबड्डीपटू मुलीचे वडील वारले आणि घर व शेती सांभाळण्यासाठी तिला शिवाजी विद्यापीठात यावे लागले, तर तिला कोणी पळवले? आमिष आणि आपत्ती यांना एकच दंड देणे ही समता नव्हे. स्पर्धांना वयाची अट असते. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. वाया गेलेल्या वर्षाबरोबर ती वाटही बुजू शकते.

सवलतीचा गैरफायदा घेतला जाईल, असा आक्षेप येतो. पण मृत्यूचा दाखला वा पुराचा पंचनामा तपासणे अवघड नाही. अमेरिकेच्या महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने तर २०२४ साली अभ्यासात समाधानकारक प्रगती असलेल्या खेळाडूंना कितीही वेळा महाविद्यालय बदलून लगेच खेळण्याची मुभा दिली. येथील मागणी त्याहून माफक आहे : अर्जावर पंधरा दिवसांत सकारण लेखी निर्णय, समितीवर खेळाडूंचा प्रतिनिधी आणि निर्णय होईपर्यंत खेळण्याची परवानगी.

घरची अडचण शिक्षणाच्या आड येऊ नये म्हणून शाहू महाराजांनी याच नगरीत वसतिगृहे उभारली. मैदानालाही तोच न्याय लागू व्हावा.