पंडिता रमाबाई आणि शिक्षिकेची मागणी



१८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे पुण्यात एका २४ वर्षांच्या विधवेची साक्ष झाली. पंडिता रमाबाईंनी ती मराठीतून दिली. मुलींच्या शाळांना प्रशिक्षित स्त्री-शिक्षिका असाव्यात, तपासनीसही स्त्रियाच असाव्यात, स्त्रियांना वैद्यकशास्त्र शिकता यावे, अशी त्यांची मागणी होती. शिक्षिकांचे वेतन पुरुष शिक्षकांपेक्षा अधिक असावे, असेही त्यांनी सुचविले. हे शेवटचे कलम आजच्या शिक्षणसंस्थांनाही सहज पचणारे नाही!

हे धारिष्ट घरातून आलेले होते. अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद सोसून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले आणि लक्ष्मीबाईंनी लेकीला. कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात जन्मलेल्या रमाबाईंचे बालपण तीर्थयात्रेत गेले. १८७४ मध्ये आईवडील दोघेही दुष्काळात निवर्तले. भावासह भारतभर पायी हिंडून त्या १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरविले. इतक्या भ्रमंतीत घरची मराठी मात्र सुटली नाही. परप्रांतात मराठी शाळा चालविणाऱ्यांना याचे मोल वेगळे सांगावयास नको.

विवाहानंतर दोन वर्षांच्या आतच वैधव्य आले. पुढे इंग्लंड, ख्रिस्ती धर्माचा स्वीकार, अमेरिकेतील बालशिक्षणाचा अभ्यास आणि निधिसंकलन झाले, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदासदन’ उघडले. आयोगापुढे जे मागितले होते, ते त्यांनी येथे स्वतःच उभारावयास घेतले: विधवेला केवळ आसरा न देता तिला स्वतःच्या पायावर उभे करणारे शिक्षण.

सदन पुण्यास आल्यावर धर्मांतराच्या शंकेने वादळ उठले. १८९३ मध्ये सल्लागार मंडळातील रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतक दूर झाले आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. पालकांची धास्ती अगदीच निराधार नव्हती. रमाबाईंच्या प्रभावाने काही मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत होत्या. परंतु घरी परत नेलेल्या बालविधवांनी शिकावे कोठे, या प्रश्नाचे उत्तर टीकाकारांपाशी नव्हते.

सदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी. त्याच १८९३ साली त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. तीन वर्षांनी कर्व्यांनी पुण्यात विधवांसाठी आश्रम स्थापिला. त्याच्या वर्गण्यांसाठी आनंदीबाई स्वतः दारोदार फिरल्या.