घरातील वाय-फाय : पारख व निगा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



या दिवशी आपल्याकडे लोणची, शिवण, बालसंगोपन अशा विषयांवर कोणीतरी बोलते. यंदा चिटणीसबाईंनी मला घरातील इंटरनेटवर बोलायला सांगितले. मी काही यंत्रज्ञ नव्हे. पण या विषयापायी माझ्या हातून घरात एक अन्याय घडला, आणि तो निस्तरताना जे शिकले तेच आज सांगते.

२०२१ साली माझी सून घरूनच कचेरीचे काम करी. बैठक चालू असताना तिचे चित्र थिजे, आवाज तुटे. वरिष्ठांनी तिला दोनदा समज दिली. नोकरीवर गदा येते की काय, अशी वेळ आली. आणि मी काय म्हणाले? "रात्री उशिरापर्यंत सिनेमे पाहता, मग इंटरनेट पुरेल कसे?" ती बिचारी गप्प राहिली.

एके दिवशी तिने लॅपटॉप राउटरला तारेने जोडला व मला हाक मारली, "आई, जरा इकडे या." तारेवर वेग जवळजवळ शंभर मेगाबिट होता. म्हणजे नळाला पाणी भरपूर, अडथळा घरातच! आणि राउटर होता कोठे? दिसायला बरा नाही म्हणून मीच तो लोखंडी कपाटामागे, जमिनीवर ठेवला होता. वर क्रोशाचा रुमाल!

रुमालाने लहरी अडत नाहीत, पण हवेची भोके झाकून पेटी तापते. लोखंडाने मात्र लहरी अडतात. जाड भिंती, आरसे, माशांची काचपेटी यांनीही त्या क्षीण होतात. म्हणून राउटर घराच्या मध्यावर, उंच व मोकळ्या जागी ठेवावा.

तेव्हा वेग कमी वाटला की प्रथम तारेने तपासावे. तारेवरही कमी असेल, तर कंपनीकडे तक्रार करावी. तारेवर ठीक असेल, तर दोष घरात शोधावा. मात्र एक हिशेब ध्यानात असू द्या. आठ मेगाबिट म्हणजे एक मेगाबाइट. शंभर मेगाबिटांच्या जोडणीवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच उतरतात. यात कोणी फसवलेले नसते.

राउटरच्या लहरी बहुधा दोन पट्ट्यांत असतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी लांब पोचतात, पण तेथे शेजाऱ्यांची गर्दी फार. मायक्रोवेव्हची भट्टीही त्याच पट्ट्यात चालते. ती लावली की जवळचे वाय-फाय अडखळते. या पट्ट्यात १, ६ व ११ यांपैकी कमी गर्दीची वाहिनी निवडावी. ५ गिगाहर्ट्झला वेग अधिक, पण भिंतीपलीकडे जोर ओसरतो. म्हणून कामाचा लॅपटॉप जवळ असेल तर त्यावर ५ चा पट्टा घ्यावा.

नवा राउटर घेताना दोन्ही पट्टे आहेत ना, वाय-फाय ६ आहे ना, आणि तारेची भोके गिगाबिटची आहेत ना, एवढे विचारावे. भोक शंभर मेगाबिटांचेच असेल, तर तीनशेची जोडणी घेऊनही उपयोग नाही. पुष्कळदा कंपनीच पेटी देते; तिला आपला राउटर जोडता येतो का, हे आधी विचारावे. जाड भिंतींच्या मोठ्या घरात एक महाग राउटर घेण्यापेक्षा तार ओढून दुसरी पेटी बसवणे बरे. स्वस्तातले बिनतारी रिपीटर पोच वाढवतात, पण वेग बहुधा निम्म्यावर आणतात. परवलीचा शब्दही बदलून ठेवावा, नाहीतर आपल्या खर्चात शेजाऱ्यांची सोय!

आमच्या घरी एक पैसाही खर्च झाला नाही. पेटी दिवाणखान्यातील फळीवर गेली, आणि सुनेची बैठक सुरळीत चालू लागली. त्या संध्याकाळी मी तिला म्हटले, "माझं चुकलं गं." भगिनींनो, ही दुरुस्ती मला सर्वांत अवघड गेली. यंत्र बिघडले की माणसावर ठपका ठेवण्यापूर्वी कपाटामागे एकदा डोकवावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.